कॅट-५ वर मँचेस्टर: बेसलाइन का सरकते (टप्पा दुसरा)

या टप्प्यात एकच गोष्ट तपासली: वायरीत कपॅसिटर आला की यूएआरटीचा (चिपमधल्या सिरियल पोर्टचा) साधा एनआरझेड, म्हणजे अख्खा बिटभर एकच पातळी, का मार खातो आणि मँचेस्टर, म्हणजे दर बिटाच्या मध्यावर पातळी बदलणारी रीत, का टिकतो. बेसलाइन म्हणजे सिग्नलची सरासरी पातळी.

जोडणी अशी. पाठवणाऱ्या आर्डुइनो नॅनोच्या पिनला १ किलोओहम, मग ३० मीटर कॅट-५ ची एक जोडी, टोकाला १०० ओहम. ५ व्होल्टचे तिथे साधारण ०.४५ व्होल्ट उरतात. पुढे १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलएम३९३ (दोन व्होल्टेजची तुलना करणारा कंपॅरेटर), आउटपुटला ४.७ किलोओहमचा पुल-अप. सगळं नागपूरच्या बर्डी बाजारात मिळतं. २.५ व्होल्टचा रेफरन्स मायनस पिनला द्यायचा आणि त्यातूनच १० किलोओहममधून कपॅसिटरच्या टोकाला बायस. दोन वेगळे डिव्हायडर करू नका. ५ टक्केवाले रेझिस्टर असले तर एकेक डिव्हायडर १२५ मिलिव्होल्टपर्यंत सरकतो, आणि इथे अख्खा सिग्नलच ४५० चा आहे.

हिस्टेरिसिससाठी (थोड्या नॉइजने आउटपुट उलटसुलट होऊ नये म्हणून थ्रेशोल्डभोवती ठेवलेली फट) आउटपुटवरून प्लस पिनला १ मेगाओहम. पण प्लस पिन थेट कपॅसिटरला लावली तर त्याचा उपयोग शून्य, कारण कपॅसिटरमागे जेमतेम ९० ओहम दिसतात. मध्ये १० किलोओहम घातले की थ्रेशोल्डच्या दोन्ही बाजूंना २५ मिलिव्होल्ट मिळतात.

आता खरी मेख. सलग ‘००’ हेक्स पाठवला तर दहा बिटांत एकच स्टॉप बिट वर असतो. कपॅसिटर सरासरी काढून टाकतो, म्हणून खालची पातळी थ्रेशोल्डच्या फक्त ४५ मिलिव्होल्ट खाली राहते. हिस्टेरिसिस वजा केली की हातात २० उरतात. ‘एफएफ’ला हेच उलट्या बाजूने. मँचेस्टरमध्ये डेटा कोणताही असो, दोन्हीकडे २२५.

वेग २००० बिट प्रति सेकंद, म्हणजे अर्धा बिट २५० मायक्रोसेकंद. वाचायला नॅनोची ८ नंबर पिन, टायमर १, प्रीस्केलर ८. दोन एजमधलं (पातळी बदलण्याच्या क्षणांमधलं) अंतर ३७५ मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर आखूड, वर असेल तर लांब. प्रत्येक वेळी एज बदलल्यावर इनपुट कॅप्चरचा (एजची वेळ टिपणाऱ्या टायमरच्या सोयीचा) फ्लॅग पुसायचाच, नाहीतर खोटी एज नोंदली जाते. सुरुवातीला ३२ एक आणि मग एक शून्य पाठवा. नुसत्या एकांवरून बिटाचा मध्य कोणता ते कळत नाही. पहिलं लांब अंतर संपतं तोच मध्य. सगळे बिट उलटे आले तर एका बाजूला आयईईई ८०२.३ ची (इथरनेटच्या मानकाची) रीत आहे आणि दुसरीकडे जी. ई. थॉमसची; दोन्हींत शून्य आणि एक उलटे असतात.

कूलरच्या पंपाच्या वायरीलगत जोडी टाकली की चालू-बंद करताना स्पाइक येतात, आणि नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवा असं सांगण्यात अर्थ नाही. चिपमधला नॉइज कॅन्सलर चार क्लॉकपुरताच, म्हणजे पाव मायक्रोसेकंद. प्लस पिनला १ नॅनोफॅरड लावला की १० मायक्रोसेकंदांचा फिल्टर होतो, तो कामी येतो.

क्रिस्टल काढून आतल्या ८ मेगाहर्ट्झ आरसीवर चिप चालवली तर फॅक्टरीची अचूकता १० टक्क्यांची, वर तापलेला पत्र्याचा डबा. यूएआरटीला दोन टक्क्यांपलीकडे झेपत नाही; मँचेस्टर दर बिटाला नव्याने जुळतो, म्हणून तो चालतो. प्रीस्केलर मात्र तेव्हा आठचाच ठेवून टिकचे आकडे निम्मे करा.

पुढे ४बी५बी (चार बिटांसाठी पाच पाठवायचे): याच ४००० बॉडवर (सेकंदाला ४००० अर्ध्या बिटांच्या वेगावर) ३२०० बिट. पण तो पूर्ण समतोल नसतो, तेव्हा १०० मेगाबिट इथरनेटसारखा स्क्रॅम्बलर (बिटांची सरमिसळ करणारा) जोडावा लागेल.