पिशवी, ईसीजी आणि पंचगंगेची पातळी

करवीर तालुक्यातील एका नदीकाठच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. जुलैत आमच्या ओपीडीत सर्दी-ताप, जुलाब, चिखल्या आणि अधूनमधून सर्पदंश असे रुग्ण येतात. एका रुग्णाला जेमतेम चार-पाच मिनिटे मिळतात. (पुढे सांगते आहे त्या रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या सकाळी पन्नाशीच्या आसपासच्या, भांगलणीला जाणाऱ्या एक मावशी छातीत धडधडते म्हणून आल्या. रक्तदाब थोडा वाढलेला, नाडी जलद, आणि हातात कुठूनशी मिळालेली अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळीची अर्धी संपलेली पट्टी. ईसीजी काढायला सिस्टरांनी त्यांना आडवे केले, तेव्हा कमरेला घट्ट बांधलेली एक प्लास्टिकची पिशवी दिसली. सिस्टरांनी ती सोडायला सांगताच मावशी ताडकन उठून बसल्या आणि दोन्ही हातांनी पिशवी धरून थरथरू लागल्या. त्यात रेशन कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. ‘‘झोपतानाबी असतीया,’’ सोबत आलेली सून म्हणाली. कधीपासून, असे विचारल्यावर मावशीच म्हणाल्या, ‘‘म्हापुरापास्नं.’’

ईसीजी पिशवीसकट काढला. तो व्यवस्थित होता. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीतही पुढे काही निघाले नाही. त्यांना बाजूच्या खोलीत बसवून मी ओपीडी उरकली आणि मग निवांतपणे ऐकले. ऑगस्ट २०१९मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले, त्या पुरात त्यांच्या गोठ्यात रात्रीतून पाणी शिरले. दोन म्हशींपैकी एकीचे दावे त्यांनी सोडवले. ‘‘दुसरीची गाठ पाण्यानं फुगलीती, मॅडम. इळा गावंना. ती वरडत हुती आन् मी वर चढलो.’’ आता पत्र्यावर पाऊस वाजू लागला की त्या उठून बसतात, म्हशीचे हंबरणे कानात घुमते आणि अंगाला दरदरून घाम फुटतो. नदीकडची वाट त्यांनी सोडली होती, शेजारणीच्या गोठ्यापुढूनही त्या जात नव्हत्या. नुकसानभरपाईच्या यादीत म्हैस लागली होती. ‘‘घे की दुसरी,’’ एवढेच लोक म्हणत. पण त्यांनी म्हैस घेतली नाही, आणि दुधाचा दहा दिवसांचा पगार बंद झाल्याने घर निव्वळ रोजगारावर आले. म्हणजे पीटीएसडी या, मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजारात ज्याला टाळाटाळ म्हणतात, तिची किंमत हे घर दर दहा दिवसांनी मोजत होते.

नकोशा आठवणी आणि भयस्वप्ने, त्या आठवणी जाग्या करणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत दचकणे, स्वतःला दोष देणे, माणसांतून मन उडणे: पीटीएसडीच्या प्राथमिक चाचणीतील पाचही प्रश्नांना त्यांचे उत्तर होकारार्थी होते. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. म्हणून जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलून निदान पक्के केले आणि जीव देण्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारून घेतले. झोपेच्या गोळीने हा आजार बरा होत नाही, उलट तिची सवय लागते. ती रोज घेतली जात असेल तर एकदम तोडताही येत नाही. म्हणून ती हळूहळू कमी करत सर्ट्रालिन हे या आजारावरचे औषध २५ मिलिग्रॅमवर सुरू करून पुढे ५० केले, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात हे सुनेलाही नीट समजावले. ते सांगितले नाही तर पहिल्याच पंधरवड्यात ‘काय फरक न्हाई’ म्हणून गोळी बंद होते. भेटी संध्याकाळच्या ओपीडीत ठेवल्या, कारण सकाळी बोलावले असते तर दिवसाचा रोजगार बुडाला असता आणि त्या दुसऱ्यांदा आल्याच नसत्या.

खरी अडचण पुढेच होती. या उपचारात रुग्णाला हळूहळू हे पटावे लागते की संकट होऊन गेले, आता ते फक्त आठवणीत आहे. नदीकाठच्या माणसाला हे कोणत्या तोंडाने सांगायचे? २०१९नंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पाणी पुन्हा तेवढेच चढले होते. मावशींची भीती सबंध खोटी नव्हती. ती फक्त बाराही महिने, पाणी २० फुटांवर असतानाही, सारखीच तीव्र होती. म्हणून आम्ही आकडा धरला. कोल्हापुरात पावसाळ्यात लहान मूलही बंधाऱ्याची पातळी विचारते: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ठरले असे की पातळी ३९च्या खाली असेपर्यंत पिशवी दाराजवळच्या खुंटीला राहील आणि ३९ला पोचली की ती घेऊन बाहेर पडायचे. आशाताई रोज संध्याकाळी आकडा कळवू लागल्या. मावशींनी पहिले काही दिवस पिशवी खुंटीला लावली आणि रात्री उठून पुन्हा कमरेला बांधली, असे सून सांगे. आम्ही त्याला हरकत घेतली नाही.

याच सुमारास शेजारणीच्या गोठ्याची भीती घालवण्याचे काम सुरू केले. आधी दिवसाउजेडी अंगणात आशाताईंसोबत उभे राहायचे, धडधड कमी होईपर्यंत हलायचे नाही. मग धार काढताना दारात बसायचे. त्या रात्रीची हकिगत त्या माझ्यापुढे तुकड्यातुकड्याने सांगत, आणि फुगलेल्या गाठीपाशी आल्या की थांबत. ती ओलांडून पुढे सांगायला त्यांना दिवाळी उजाडली. ‘‘थांबलो असतो तर मीबी गेलो असतो,’’ असे त्या स्वतः म्हणाल्या. हे वाक्य मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवले असते, तर त्यांनी मान डोलावली असती आणि काही बदलले नसते.

पुढच्या पावसाळ्यात पातळीने ३९ ओलांडले आणि मावशी ठरल्याप्रमाणे पिशवी घेऊन शाळेतल्या निवारा केंद्रात गेल्या. तिथे झोप उडाली, धडधड परतली आणि गोळ्या घरीच राहिल्यामुळे चार दिवस खाडा पडला. त्यामुळे आता जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पूररेषेतील अशा रुग्णांची यादी काढतो आणि महिन्याच्या जास्तीच्या गोळ्या कागदपत्रांच्याच पिशवीत ठेवायला देतो. म्हैस मावशींनी अजून घेतलेली नाही. शेजारणीची धार मात्र हल्ली त्याच काढतात आणि त्याचे लिटरभर दूध घरी आणतात.