नाव कुठल्या कार्डात आहे?

मी आरोग्यमित्र, म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णांचे कागद बघणारा रुग्णालयातला माणूस. गाळप हंगाम सुरू झाला की माझ्या टेबलासमोर करवीर-पन्हाळ्याच्या बोलीत बीडची बोली मिसळते. त्या सकाळी एका ट्रॅक्टरवाल्यानं एकोणीस वर्षांची ऊसतोड मजूर पोरगी आणली. आदल्या दिवशी मोळी बांधताना पाचटातली घोणस चावलेली. ग्रामीण रुग्णालयात एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, दिलं होतं, पण काचेच्या नळीतलं रक्त वीस मिनिटांनंतरही गोठत नव्हतं आणि लघवी रात्रीपासून बंद होती. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस लागेल, आजच.

मी वर पोचेपर्यंत बिलिंगच्या खिडकीतून नवऱ्याकडं पंचवीस हजार डिपॉझिट मागून झालं होतं. "सायेब, उचल तर लग्नातच गेली," एवढंच तो म्हणत होता. उचल म्हणजे मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. योजनेतल्या पात्र रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, हे त्या खिडकीत बसणाऱ्याला पक्कं माहीत असतं. तरी विचारतात, कारण घाबरून कुणीतरी भरतंच. याची मला चीड येते.

तातडीच्या रुग्णाची आधी फोनवर नोंद करून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर दिले तरी चालतात. ती नोंद मी केली. डायलिसिसच्या सिस्टरनी तर त्याचीही वाट न बघता मशीन तयार ठेवलं होतं. योजना चालते ती अशा माणसांच्या जिवावर.

मग कागद. रेशनकार्ड गावाकडं, सासूच्या पेटीत. दिरानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. सासरा, सासू, नवरा, दीर. हिचं नाव नाही.

ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, नंतर महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही कार्ड असलं तरी कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण दिलं. निर्णय मोठा आहे, मी तो लोकांना अभिमानानं सांगतो. पण नाव कार्डात पाहिजे. लग्न झालेल्या पोरीनं माहेरी नाव कमी केल्याचा दाखला काढायचा, तो सासरच्या तहसीलला द्यायचा, मग नाव चढणार. हंगामाचे पाच-सहा महिने जी कोल्हापुरात फडात कोपीवर, म्हणजे झोपडीत, राहते, तिनं हे कधी करायचं?

आधारवरून शोधायला गेलो तर अंगठा लागेना. पाचटानं चिरलेल्या, कोयत्यानं घट्टे पडलेल्या बोटांवर रेषाच धड उरल्या नव्हत्या. मशीन दर वेळी लाल दिवा दाखवायचं, आणि ती पोरगी सलाइन लावलेला दुसरा हात पुढं करायची. शेवटी ओटीपी पाठवला. तो गेला तिच्या वडिलांच्या मोबाइलवर, आणि वडील दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात. त्यांनी फडातून फोन उचलला. ओटीपी सांगितला आणि वर म्हणाले, "पोरीचं नाव आजून आमच्याच कार्डात हाय. कमी करायला सवडच नाही घावली."

माहेरच्या कार्डाचा बारा अंकी नंबर टाकला, नाव निघालं. आधारवरही माहेरचंच आडनाव. केसपेपरवर मात्र सासरचं, त्यामुळं 'नावात तफावत' अशी क्वेरी आली. डॉक्टरांच्या सहीनं दुरुस्ती केली आणि संध्याकाळी मंजुरी आली.

काही डायलिसिसनंतर लघवी सुरू झाली, पोरगी बरी झाली. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. वडिलांनी नियमाप्रमाणं वेळेत नाव कमी केलं असतं, तर तिचं नाव दोन्हीपैकी कुठल्याच कार्डात नसतं. कायदा पाळणाऱ्या बापाची पोर योजनेबाहेर, हे मला मान्य नाही.

कारखान्याच्या शेती विभागात करार असतो तो मुकादमाच्या नावानं. कोयत्यामागच्या बाईची नोंद कुठंच नसते. म्हणून मी शेती अधिकाऱ्यांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज दिलाय: टोळ्या उतरतात त्याच आठवड्यात कारखान्याच्या गट ऑफिसात पुरवठा विभागाचा माणूस बसवा, प्रत्येक बाईचं नाव कार्डात आहे का ते तपासा, आणि नसेल तर बीडच्या तहसीलशी इथूनच पत्रव्यवहार करा. अर्जाची पोच मिळाली आहे. पाठपुरावा मी सोडणार नाही.