हुंकार न ऐकणारी गोष्ट

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांत मुलांच्या झोपेचा प्रश्न बहुतेक वेळा घड्याळाचाच असतो. तीन ते चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तासांची झोप मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. इकडे ऐरोलीहून किंवा मुंबईहून परतणारे आईवडील घराचे दार उघडतात तेव्हा साडेआठ वाजून गेलेले असतात, आणि दिवसभर वाट पाहिलेले मूल नेमके त्याच वेळी सर्वांत जास्त उत्साहात येते. पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. परंतु सकाळी मिळालेला तास रात्रीच्या जागरणात गेला, तर त्या आदेशाचा मुलांना काहीच उपयोग नाही. म्हणून झोपताना मुलांना ऐकवायच्या ध्वनिमुद्रित गोष्टींविषयी थोडे.

या धावपळीत मोबाइलवरचा व्हिडिओ लावून मुलाला शांत करणे सर्वांत सोपे वाटते. मात्र अंधार पडू लागल्यावर शरीरात तयार होणारे आणि झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पडद्याच्या प्रकाशाने दबते. लहान मुलांच्या डोळ्यातील बाहुली मोठी आणि भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरतो. ध्वनिमुद्रित गोष्टीचा मोठा लाभ इथेच आहे. दिवा मालवता येतो, डोळे मिटता येतात आणि गोष्ट तरीही चालू राहते.

पण ऐकायची म्हणून कोणतीही गोष्ट चालत नाही, आणि मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः याविषयीच आहे. आपल्या सर्वांना पाठ असलेल्या दोन लोककथा घ्या. म्हातारी भोपळ्यात बसून निघते, तेव्हा ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ हे शब्द कानावर पडताच मूल अंथरुणात उठून बसते आणि गादीवर उड्या मारू लागते. पुढे वाघ काय करणार, ही उत्सुकता त्याला जागे ठेवते. ती उत्तम गोष्ट आहे, पण ती दुपारची आहे. याउलट चिमणीच्या दाराशी भिजत उभा असलेला कावळा पुन्हा पुन्हा ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणतो आणि आतून चिमणी सांगते की थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे. थांब, बाळाला तीट लावू दे. थांब, बाळाला झोपवू दे. मुलाची स्वतःची संध्याकाळ ज्या क्रमाने गेली, तोच क्रम त्याच लयीत त्याला परत ऐकू येतो आणि पुढे काय होणार याची काळजी उरत नाही. काही ठिकाणी या गोष्टीच्या शेवटी कावळ्याला चटका बसतो. दार उघडून त्याला आत घेणारा शेवट रात्रीसाठी मला अधिक योग्य वाटतो.

गोष्ट सांगणारी आजी ऐकणाऱ्याकडून हुंकार मागत असे. तो जोरात आला की ती पुढे जाई, क्षीण झाला की आवाज उतरवी, आणि थांबला की उरलेली गोष्ट उद्यावर ढकली. ध्वनिमुद्रणाला हा हुंकार ऐकू येत नाही. मूल झोपले तरी ते बोलत राहते, आणि मूल घाबरले किंवा त्याला काही विचारायचे असले तरीही थांबत नाही. म्हणून गोष्ट लावून दुसऱ्या खोलीत कामाला निघून जाणे मला पटत नाही. निदान पहिली काही मिनिटे मोठ्या माणसाने शेजारी पडून राहावे, प्रश्न आला तर गोष्ट थांबवून उत्तर द्यावे आणि श्वास संथ झाला की आवाज हळूहळू कमी करावा. याला आणखी एक कारण आहे. मुले रात्रीतून अनेकदा अर्धवट जागी होतात आणि झोप लागताना जे सोबत होते तेच पुन्हा शोधतात. अगदी डोळा लागेपर्यंत रोज आवाज चालू राहिला, तर मध्यरात्रीही तो मागितला जाण्याची शक्यता वाढते.

साधनांबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. मराठी श्राव्यपुस्तके स्टोरीटेल या अ‍ॅपवर २०१७ पासून उपलब्ध आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मोठ्याने वाचून दाखवण्याजोग्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. फुकट व्हिडिओ वाहिन्यांवरची ‘अंगाई गोष्ट’ मात्र मी टाळतो, कारण दोन वाक्यांच्या मध्येच कर्कश जाहिरात सुरू होते आणि ऑटोप्ले पुढे काय लावील याचा भरवसा नसतो. गोष्ट आधीच फोनवर डाउनलोड करून घ्यावी, फोन विमान मोडवर पालथा ठेवावा, ठरलेल्या वेळी आवाज बंद करणारा स्लीप टायमर लावावा आणि छोटा स्पीकर उशीपासून दूर ठेवावा. झोपताना मुलाच्या कानात इअरफोन घालू नयेत. आमच्या खिडकीखालून रात्री अवजड वाहने जातात, शिवाय मेट्रोच्या कामाचा आवाज कित्येक वर्षे सोबतीला होताच, त्यामुळे स्पीकर वाढवण्याचा मोह होतो. अशा वेळी खिडकी लावावी, आवाज वाढवू नये. मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचे असेल तर सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. झोपेची गोष्ट तर त्याहून कितीतरी हळू, कान देऊन ऐकावी लागेल इतकी असावी.

माझी मुलगी सर्वांत लवकर झोपते ती तिच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीने. माझी आई गावी असते. ती इथे आली होती तेव्हा मी तिची चिमणी-कावळ्याची गोष्ट फोनवर मुद्रित करून घेतली. त्यात बांगड्या वाजतात, मध्येच कुकरची शिट्टी होते, आणि एका ठिकाणी आई स्वतःच ‘ऐकतेस ना गं?’ असे विचारून थोडे थांबते. त्या थांबण्यात मुलगी रोज ‘हं’ म्हणते. व्यावसायिक निवेदकाचे उच्चार अधिक स्वच्छ असतात हे खरे, पण उत्तरासाठी अशी जागा तो ठेवत नाही. ज्यांचे आजी-आजोबा दूर आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत ही पाच-दहा मिनिटे अवश्य काढावीत. यंत्र साधे चालते, फक्त पंखा बंद करावा.

नवी गोष्ट आम्ही रविवारी दुपारी लावतो. तेव्हा प्रश्न, उड्या, वाघाचे आवाज सगळे होऊ द्यायचे, आणि पुढे काय होणार हे मुलगीच आम्हाला सांगू लागली की मग ती गोष्ट रात्रीच्या यादीत घ्यायची.