म्युऑन पेटी: महाबळेश्वरच्या थंडीचा घोळ

म्युऑन म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वरच्या हवेत तयार होणारे अल्पायुषी कण. ते उंचीवर किती जास्त मिळतात हे बघायला, त्यांना मोजणाऱ्या माझ्या दोन्ही घरगुती पेट्या ठरल्याप्रमाणे महाबळेश्वरला नेल्या. पहाटे कोइन्सिडन्सचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन्ही पेट्यांत एकाच वेळी आलेल्या पल्सचे, आकडे असे काही चढायला लागले की आनंदाऐवजी धसकाच बसला. उंचीवर म्युऑन जास्त मिळतात हे मान्य, पण रातोरात डोंगर काही वाढत नाही.

सगळा घोळ सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे पेटीतला अगदी मंद उजेड टिपणाऱ्या सेन्सरचा. थंडी पडली की त्याचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो काम करू लागतो) उतरतं, अंशामागे वीसेक मिलिव्होल्ट. बायस, म्हणजे आपण दिलेलं व्होल्टेज, तेवढंच असल्यामुळे गेन (पल्स मोठा करण्याची क्षमता) वाढतो आणि एरवी थ्रेशोल्डखाली, म्हणजे मोजणीच्या मर्यादेखाली, राहणारे गॅमा किरणांचे बारके पल्स वर डोकं काढतात. दोन्हीकडचे सिंगल्स, म्हणजे एकेका पेटीचे सुटे पल्स, वाढले की निव्वळ योगायोगाने जुळणारे पल्स त्यांच्या गुणाकाराने वाढतात. त्यात पल्स जुळवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाची वेळेची खिडकी मायक्रोसेकंदांची, म्हणजे गेटच सताड उघडं.

थंडीप्रमाणे बायस बदलणारं सर्किट काढायला बसलो होतो, तेवढ्यात सोपा उपाय सुचला. पेट्या खोलीच्या दोन टोकांना ठेवल्या. आता एकच म्युऑन दोन्हींतून जाणं जवळपास अशक्य, म्हणजे जे जुळेल ते खोटं. (एअर शॉवरचे, म्हणजे एकदम कोसळणाऱ्या कणांच्या सरीचे, थोडे खरे असतील, असू देत.) तेवढे वजा केले आणि पहाटेचा फुगवटा सपाट! तो आलेख मी अजून उघडून बघतो. थंडी नोंदवायला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला स्वस्तातला तापमान सेन्सर इथे कामी आला. पेटी उजेडबंद करायची काळी टेप मात्र स्वस्तातली घेऊ नका. गाडीत तापली की गोंद सुटतो आणि उजेड आत शिरतो.

आता मुद्द्याचं. महाबळेश्वर साधारण 1350 मीटर, पुणं 560. मधले 790 मीटर पार करायला प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने 2.6 मायक्रोसेकंद लागतात आणि म्युऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. टाइम डायलेशन, म्हणजे वेगाने धावणाऱ्या कणाचं घड्याळ आपल्याला मंद दिसणं, नसतं तर वरच्या शंभरातले तीसेकच पुण्याला पोचले असते. माझ्याकडे पाऊणशेच्या खाली येतच नाहीत. होमी भाभांनी 1938 सालीच लिहून ठेवलं होतं की धावत्या कणाचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल. ते आपल्या टेबलावर दिसलं की अंगावर काटा येतो.

पण यावरून गॅमा फॅक्टर, म्हणजे आयुष्य कितीपट लांबलं तो आकडा, काढणार नाही (याचा गॅमा किरणांशी संबंध नाही). यात इलेक्ट्रॉन मिसळलेत, शिवाय मंद म्युऑन हवेतच थांबतात. फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर लोखंडाचा थर लावून 0.995 सी (सी म्हणजे प्रकाशाचा वेग) च्या आसपासचेच म्युऑन निवडले. खाली समुद्रसपाटीला लोखंड कमी ठेवलं, कारण मधल्या हवेने तेवढी ऊर्जा आधीच खाल्लेली. तासाला वर 563 म्युऑन, खाली 408 च्या घरात. डायलेशनशिवाय 27 च उरले असते.

पुढे कळसूबाईचा बेत होता, पण हे लिहितानाच तो बदलला. लोखंड पाठीवर घेऊन कोण चढणार? परत महाबळेश्वरच, गाडीने. भंगारवाला लोखंडी पाट्या किलोवर द्यायला तयार आहे. आधी त्या दोन पेट्यांच्या मध्ये घालून इलेक्ट्रॉन गाळेन. थांबलेल्या म्युऑनचा डबल पल्स (एक थांबतानाचा, दुसरा विघटनाचा) पकडायला मात्र आर्डुइनो फारच संथ पडतो. कुणी स्वस्तातलं टायमिंग सर्किट वापरलं असेल तर सांगा.