शाकुहाचीवरील होन्क्योकू शिकताना

शाकुहाची या बांबूच्या जपानी बासरीवर एकट्याने वाजवायच्या पारंपरिक रचना, म्हणजेच होन्क्योकू, शिकताना माझा सर्वाधिक वेळ हनुवटीच्या हालचालीवर जातो. पुढे चार आणि मागे एक अशी पाचच छिद्रे असल्यामुळे इतर स्वर हनुवटी खाली-वर करून व छिद्रे अर्धवट झाकून काढावे लागतात; हनुवटी झुकली की स्वर उतरतो, शिवाय तो धूसरही होतो, आणि ही बदलती छटाच रचनेचा प्राण आहे, असे मला मनापासून वाटते.

जपानच्या एदो काळात (१६०३–१८६८) फुके या झेन बौद्ध पंथाचे कोमुसो म्हणवले जाणारे भिक्षू चेहरा झाकणारी विणलेली टोपली घालून या रचना साधना म्हणून वाजवीत. कुरोसावा किन्को (१७१०–१७७१) यांनी त्या ठिकठिकाणांहून गोळा केल्या. किन्को परंपरेत आज अशा ३६ रचना मानल्या जातात. १८७१ मध्ये मेइजी सरकारने पंथ बरखास्त केला, तरी वादन टिकले.

कातकाना या जपानी लिपीच्या अक्षरांतली स्वरलिपी वरून खाली वाचता येते. परंतु तालाचे आवर्तन नसल्याने स्वर किती लांबवायचा हे वादकाचा श्वासच ठरवतो, आणि ते गुरूंसोबत वाजवल्याशिवाय उमगत नाही. सध्या मी ‘क्योरेई’ शिकत आहे. तिच्यात अलंकार अगदी कमी असल्याने फुंकरीतला किंचितसा कंपही लपत नाही.