पहाटे पाच बाराचं दूध

निपाणीजवळच्या एका गावात दूध डेअरीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. जून २०२४ मध्ये एक काकी वही घेऊन आल्या. वहीत ११ जून, सकाळ, साडेचार लिटर. डेअरीच्या बिलात त्या सकाळी खाडा.

"सर, म्हशीनं दिलंय, मी घातलंय. पैसं कुठं गेलं?"

सेक्रेटरी म्हणाले, काकींची विसरगत झाली असेल. पण बिलातले खाडे वहीशी ताडून बघत गेलो तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. शेतावर लवकर जायचं म्हणून काकी साडेपाचच्या आधी यायच्या, त्याच दिवशी खाडा पडायचा. पावणेसहाला आल्या की नोंद बरोबर.

वजनकाट्याची मूळ नोंद उघडली. दूध तिथं होतं! वेळ होती १७१८०६२९२०. कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या) मध्यरात्रीपासून सेकंद मोजत येतो, त्यातला हा आकडा. कागदावरच एका दिवसाच्या ८६४०० सेकंदांनी भागलं: १९८८४ दिवस आणि वर ८५३२० सेकंद. म्हणजे १० जून, रात्रीचे २३:४२. आपली वेळ साडेपाच तास पुढं, म्हणून १९८०० सेकंद मिळवले. ११ जून, पहाटे ५:१२. काकींची वही अक्षरशः खरी.

मे महिन्यात बसवलेल्या नव्या कॉम्प्युटरवर टाइम झोन यूटीसीच राहिला होता. त्यामुळं पहाटेचं दूध आदल्या संध्याकाळच्या पाळीत जायचं आणि तिथं एक नोंद आधीच असल्यानं दुसरी 'दुबार' म्हणून गळायची.

सेक्रेटरी म्हणाले, घड्याळच साडेपाच तास पुढं करा. मी ऐकलं नाही. साठवलेले सेकंद बरोबरच होते, त्यांना हात लावला असता तर पुढच्या सगळ्या नोंदी खोट्या झाल्या असत्या. तारीख काढताना फक्त 'आशिया/कोलकाता' हा भारतीय वेळेचा झोन लावला आणि जुन्या नोंदींवरून बिलं पुन्हा काढली. काकींसारखेच पहाटे येणारे आणखी काही उत्पादक निघाले. त्यातल्या कुणी तक्रारच केली नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

काकींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे दिस उजाडायच्या आधी घातलं म्हणून कालचं धरलं व्हय?"

पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, त्या हिशेबानं त्या बोलल्या. मी हो म्हणालो. त्या मशीनचा दिवस आपल्याकडं साडेपाचलाच उजाडत होता.

पुढच्या बिलात फरकाची रक्कम आली. काकींनी ती वहीतल्या प्रत्येक खाड्यापुढं टिक करत मोजून घेतली.