तुम्ही विचारलंत म्हणून: १४० वरून ९२ वर का आलो

"ट्रॅप चांगलं चाललेलं, मग हे जुनं बूम-बॅप कशाला उकरून काढलं?" आणि त्याच दमात, "सोलापुरी बोली आणि यंत्रमागाचा खटखटाट घातला की गाणं अस्सल होतं का?" माझ्या रॅपचा कार्यक्रम संपला की कोणीतरी हे विचारतंच. (ट्रॅप ही रॅपची हल्लीची, वेगवान म्हणायची तऱ्हा; बूम-बॅप ही न्यूयॉर्कची जुनी, संथ, जड ठोक्यांची.) उभ्याउभ्या उत्तर देताना मी चिडतो, अर्धवट बोलतो आणि घरी आल्यावर नीट उत्तर सुचतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी भाषेचं, कारण सुरुवात तिथूनच झाली. १४० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांच्या वेगाला, एक ठोका ४२९ मिलिसेकंदांचा. त्यात ट्रिप्लेट (एका ठोक्यात तीन अक्षरं) मारायचे म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला १४३ येतात. आणि तिन्ही अक्षरं सारख्या मापाची पाहिजेत, नाहीतर चाल मोडते. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत 'पाळीला' (कामाच्या शिफ्टला) या शब्दात तिन्ही अक्षरं दीर्घ आहेत, त्यांना पसरायला जागा लागते. जागा दिली नाही की 'पाळीला'चं 'पळिल' होतं, आणि 'डब्यात'मधलं जोडाक्षर तर तोंडातच राहतं. माझ्या जुन्या सहा गाण्यांत हे झालंय. वर सूर आपोआप सरळ करणारं ऑटोट्यून असल्यामुळे मला ते कळलं नव्हतं. ऑटोट्यून काढून नुसता आवाज ऐकला तेव्हा माझेच शब्द मला लागेनात.

९२ ला एक सोळांश, म्हणजे ठोक्याचा चौथा भाग, १६३ मिलिसेकंदांचा. फरक २० चाच, पण आता प्रत्येक अक्षराला सारखं माप द्यायची सक्ती नाही. ही ओळ बघा:

कडक भाकर, शेंगाचटणी, डब्यात बांधून पाळीला
धोटा इकडं, धोटा तिकडं, कोण मोजतंय टाळीला

उच्चारात मोजली (कडक म्हणजे 'क-डक', दोन) तर पहिल्या ओळीत पंधरा अक्षरं, दुसरीत चौदा. बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनात, जागा सोळा. उरलेल्या एक-दोन जागांत श्वास घ्यायचा. ९२ ला सोळा बारचा व्हर्स (कडवं) पावणेबेचाळीस सेकंद चालतो, चार बार म्हणजे साधारण साडेदहा सेकंद. तेवढं एका दमात निघतं. प्रत्येक चौथ्या बारचा शेवटचा ठोका मी मोकळा सोडतो, म्हणजे पंच-इन न करता (मध्ये थांबून पुढचा तुकडा न जोडता) पूर्ण व्हर्स एका टेकमध्ये होतो. ट्रॅपच्या दिवसांत मी दोन-दोन बारचे तुकडे जोडत होतो आणि स्टेजवर तेच म्हणताना धाप लागत होती.

यमकाचं दुखणं वेगळं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे 'करायलो, बसायलो, हुडकायलो' असं अख्खं गाणं एका प्रत्ययावर निघतं. मी तसं केलंय आणि लोकांनी टाळ्याही दिल्यात. पण त्यात जुळवलेलं काहीच नसतं, व्याकरणानं आयतं दिलेलं असतं. आता माझा नियम असा की ओळ क्रियापदावर संपवायची नाही. ते मध्ये ढकलायचं, यमक नामावर घ्यायचं आणि एक जोड ओळीच्या पोटात ठेवायची. हे मी न्यूयॉर्कच्या जुन्या रेकॉर्डवरून शिकलो असं सांगत सुटलो होतो. खरं तर शाहीर राम जोशी याच सोलापूरचे, आणि त्यांच्या लावणीत आतल्या यमकांची रेलचेल आहे. शाहीर अमर शेख आपल्या बार्शीचे. डफाची मधली थाप आणि कडेचा टणत्कार म्हणजे बूम आणि बॅपच. झीलकरी 'जी जी रं जी' म्हणतो तेवढ्यात शाहिराचा श्वास होतो. मी तीच जागा माझ्यासोबत रॅप म्हणणाऱ्या जोडीदाराला देतो. हे आधी का दिसलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. शाळेत पोवाडा स्नेहसंमेलनापुरता होता, कदाचित म्हणून.

आता मागाचं. इथे मी चुकलो होतो, आणि तुमच्यापैकी ज्यांनी टोमणा मारला त्यांचं निम्मं बरोबर होतं.

ज्या गाण्याला तुम्ही 'मुळांकडे परतलास' म्हणालात, त्याच्या पहिल्या रूपात मागाचा आवाज इंटरनेटवरच्या ध्वनिसंग्रहातून उतरवलेला होता. फाइलवर 'लूम' लिहिलेलं, मी घेतला. आमच्या गल्लीत चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेले एक अण्णा आहेत. त्यांना मोठ्या हौसेनं ऐकवलं. त्यांनी वीसेक सेकंद ऐकलं आणि विचारलं, "ह्यात धोटा कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कट्ट्यावर दोन्ही हातांनी वाजवून दाखवलं. धोटा म्हणजे बाण्याचं, आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. धोट्याच्या मागात लाकडी दांडा धोट्याला एका पेटीतून मारतो, तो पलीकडच्या पेटीत जाऊन आदळतो, मग तिकडून परत. म्हणून आवाज एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून येतो, आणि मध्ये फणी बाणा ठोकते. माझ्या फाइलमधला माग रेपिअर होता. त्यात धोटाच नसतो, एक पट्टी बाण्याचं सूत धरून आत ओढते. 'सर्र-चक, सर्र-चक' असा सलग आवाज. अण्णा रागावले नाहीत. "पोरा, हा आपल्याकडचा न्हवं," एवढंच बोलले आणि चहा मागवला. मी मात्र तोवर तीन ठिकाणी छाती ठोकून सांगितलं होतं की हा आमच्या साखर पेठेचा ठेका आहे.

गाणं काढून टाकलं. मग अण्णांच्या ओळखीनं एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी फक्त एक माग अर्धा तास चालू ठेवून घेतला.

पहिल्यांदा फोनवर रेकॉर्ड केलं, ते वाया गेलं. फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो. प्रत्येक ठोका बसला की तो आवाज दाबतो आणि पुढची शांतता फुगवतो, त्यामुळे ठोक्याची धारच जाते. दुसऱ्यांदा हातातला रेकॉर्डर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, गेन हातानं लावून सर्वात मोठा ठोका उणे १२ डेसिबलला. माईक उजव्या पेटीपासून मीटरभर लांब आणि थोडा वर. मी तो पेटीच्या सरळ रेषेत ठेवायला गेलो तेव्हा अण्णांनी दंड धरून मला मागे ओढलं. धोटा कधी कधी उडतो, आणि त्या रेषेत जे असेल त्याला लागतो. "माईक भरून मिळंल, डोळा नाही मिळणार." स्टँडच्या पायांतून फरशीची थरथर येत होती, म्हणून खाली चादरीची चौपदरी घडी घातली. तरी राहिलेली घरघर नंतर ८० हर्ट्झच्या खालचं कापून घालवली.

घरी येऊन ऐकलं तर जवळचा उजवा ठोका दणदणीत, लांबचा डावा हलका आणि त्याला वरच्या पत्र्याचा घुमारा. एक-तीन जड, दोन-चार हलके. किक (ड्रमचा जड ठोका) आणि स्नेअर (कडक ठोका) कुठे ठेवायचे ते मागानंच सांगून टाकलं होतं.

पण माग मिनिटाला ११६ पिक (धोट्याच्या फेऱ्या) मारत होता आणि माझी ओळ ९२ ची. आधी सॉफ्टवेअरनं ताणून बघितलं. 'खट'चा 'खऽट' झाला, कारण ताणताना ठोक्याचा पहिला क्षणच पसरतो. मग जुनी युक्ती आठवली. १९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) जेमतेम १० सेकंदांची जागा होती. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ फेऱ्यांवर वाजवून आत घ्यायचे आणि आत गेल्यावर खाली उतरवायचे. आवाज जाडा आणि खरबरीत व्हायचा तो त्यामुळे, आणि त्या यंत्राच्या भरड १२ बिट नोंदीमुळे. मी मागाचा वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरवले. ११६ चं ९२ होताना सूर जवळजवळ ४ सेमीटोन (अर्धस्वर) खाली आला. धार शाबूत राहिली आणि लाकडाला वजन आलं.

तरीही माग घड्याळ नव्हे. पट्टा घसरतो, वेग ११४ ते ११७ असा हलतो. ११६ ऐवजी ११५ झाला तरी आठ बारमध्ये १४४ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे त्या वेगाच्या सोळांशापेक्षा जास्त. म्हणून सलग तुकडा न घेता दोन-दोन बारचे पाच तुकडे कापले, प्रत्येकाच्या टोकाला ३ मिलिसेकंदांचा उतार दिला आणि आलटून पालटून लावले. एकच तुकडा फिरवला असता तर तिसऱ्या मिनिटाला कान बधिर झाले असते.

मग जुन्या बूम-बॅपचा सैलपणा यावा म्हणून डावा ठोका ३० मिलिसेकंद मागे खेचला. अण्णांना परत ऐकवलं. ते लगेच म्हणाले, "डावीकडचा मार उशिरा बसायलाय. माग बिघडलाय." तो ठोका मी होता तिथे परत नेला. सैलपणा आता फक्त हाय-हॅटमध्ये (ड्रमच्या झांजेत) आहे, ५८ टक्के स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, एवढं करून तू सिद्ध काय केलंस? दोन वर्षांपूर्वी मीच म्हणालो असतो. तेव्हा माझं मत होतं की जुनं ते म्हाताऱ्यांसाठी, आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्सच्या नकलेवर सोलापूरचं लेबल लावणं ही फसवणूक आहे. या दुसऱ्या भागाला मी अजून पूर्ण खोडू शकत नाही. पण हिप-हॉपची सुरुवात मानतात त्या ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत कूल हर्क हा डीजे रेकॉर्ड वाजवत होता. तो जमैकात जन्मलेला, आणि त्याच्या रेकॉर्ड दुसऱ्यांच्याच. पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो फक्त मधला ढोलाचा तुकडा लांबवायचा. समोरचे कुठे नाचतात हे बघून ती जागा त्यानं धरली होती. माझ्या पहिल्या गाण्यात नेमकं हेच नव्हतं. समोरचा कोण, हे मी बघितलंच नव्हतं.

आणि 'जुनं विकतोस' म्हणणाऱ्यांना एक सांगतो, ते शांतपणे ऐका. सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी गेलात तर माग आजही चालू असतो. दारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असतात, तेलुगू, कन्नड, मराठी एकाच वाक्यात असते. माझ्यासाठी ते आजचं आहे. जुनं फक्त ड्रमचं यंत्र आहे.

पक्कं झालेलं गाणं अण्णांना ऐकवलं तेव्हा ते शेवटपर्यंत थांबले. म्हणाले, "आता माग बरोबर हाय. पण लई हळू चालवलास." मी म्हणालो, शब्द कळावेत म्हणून. त्यावर ते म्हणाले, "हळू चालला की कापड कमी निघतं. कापड कमी, तर मजुरी कमी."

माझ्या अक्षरांना श्वास मिळावा म्हणून मी ज्या वेगावर आलो, तो त्यांच्या हिशेबात तोट्याचा वेग आहे. मी गाणं परत उघडलं. माग होता तसा ११६ वर ठेवून बघतोय. तिथे सोळांश १२९ मिलिसेकंदांचा होतो, 'डब्यात'चं जोडाक्षर पुन्हा तोंडात अडकतं आणि पहिल्या ओळीतून 'बांधून' काढावं लागतं. 'बांधून' गेलं की फडकं जातं, गाठ जाते, डबा नुसताच राहतो. दोन्ही फाइली ठेवल्यात. काल रात्री ११६ ची आठ वेळा म्हटली, दोनदा नीट बसली.